कार्ड आपलं, किल्ली कंपनीची

ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०२५ मध्ये जाहीर केलं की लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमसाठीच्या ड्रायव्हरची, म्हणजे सिस्टिम ज्याच्यामार्फत कार्डाशी बोलते त्या सॉफ्टवेअरची, ५८० ही मालिका मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या तीन पिढ्यांच्या कार्डांसाठी शेवटची असेल. पास्कल म्हणजे जीटीएक्स १०५०, १०५० टीआय, १०६० ही कार्डं. २०१६ साली ती बाजारात आली आणि बेताच्या पैशात पीसी जुळवणाऱ्या मुलांनी वर्षानुवर्षं तीच घेतली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सेकंडहँड कार्ड मागायला गेलात तर आजही ती समोर येतात. त्यांची चिप शाबूत आहे, पंखा फिरतो आहे, त्या काळातले बहुतेक गेम त्यांच्यावर फुल एचडीत व्यवस्थित चालतात. ५८० मालिकेत सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी काही काळ येत राहतील. पण त्या थांबल्यावर नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आला, डेस्कटॉपची नवी रचना आली, तर तिच्याबरोबर हे कार्ड चालवून दाखवायची जबाबदारी कंपनी घेणार नाही.

त्याच सुमारास एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या जुन्या कार्डांबाबत नेमकं उलट घडलं. २०१२ मध्ये आलेली रेडिऑन एचडी ७००० मालिका कंपनीने केव्हाच मागे टाकली होती. लिनक्सच्या कर्नलमध्ये तिच्यासाठी 'रेडिऑन' नावाचा जुना ड्रायव्हर होता आणि तो कसंबसं काम भागवत होता. व्हॉल्व्ह या गेमच्या कंपनीसाठी काम करणाऱ्या एका अभियंत्याने ते काम हातात घेतलं. 'एएमडीजीपीयू' या नव्या ड्रायव्हरमध्ये या कार्डांसाठी जे जे अपुरं होतं ते त्याने पुरं केलं, आणि ६.१९ या कर्नलपासून ही कार्डं आपोआप नव्या ड्रायव्हरवर चालू लागली. वेग वाढला, व्हल्कन ही गेमने कार्डाला हुकूम द्यायची नवी पद्धत मिळाली, म्हणजे नव्या गेमचा रस्ता खुला झाला. हे करायला त्याला एएमडीची परवानगी लागली नाही. ड्रायव्हरचा कोड उघडा होता, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा माणूसही ते काम करू शकला.

दशकभरापूर्वीची दोन कार्डं. त्यातलं जुनं आज जास्त जिवंत आहे. म्हणून माझं म्हणणं असं की लिनक्सवर गेम आणि ग्राफिक्स अडतात याला तांत्रिक अडचण म्हणायचं आता थांबवायला हवं. तंत्राचे बहुतेक प्रश्न सुटलेले आहेत. आज जे अडतं ते कुणीतरी घेतलेल्या निर्णयामुळे अडतं, आणि निर्णय बदलायला लावता येतात. गिऱ्हाईक म्हणून थोडेफार, आणि सरकारी पैशाने खरेदी करणारा समाज म्हणून पुष्कळ.

पास्कल कार्डांसाठी असं काम कुणी का करत नाही, हा प्रश्न साहजिक आहे. करायला तयार माणसं आहेत, गेली वीस वर्षं आहेत. 'नूवो' हा ड्रायव्हर अशाच लोकांनी बनवला. एनव्हिडियाचा बंद ड्रायव्हर कार्डाला काय काय सांगतो हे बघून, त्यावरून कार्डाचा स्वभाव ओळखून, कंपनीच्या कागदपत्रांशिवाय त्यांनी तो लिहिला. २०१० मध्ये तो मुख्य कर्नलमध्ये गेलाही. माझ्या मते मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासातलं हे सर्वात चिकाटीचं काम आहे. पण मॅक्सवेलच्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून, म्हणजे २०१४ पासून, कंपनीने एक बदल केला. कार्ड चालू होतं तेव्हा ते हळू वेगावर असतं. मग त्याचा वेग आणि व्होल्टेज वाढवायचं काम कार्डाच्या आतच असलेला एक छोटा प्रोसेसर करतो. तो प्रोसेसर आता फक्त एनव्हिडियाची डिजिटल सही असलेलं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, स्वीकारतो. चित्र काढण्यापुरतं सही केलेलं फर्मवेअर कंपनीने नंतर दिलं, वेग वाढवण्याचं दिलं नाही. म्हणून नूवोवर १०६० चालतं खरं, पण सुरू होताना ज्या वेगाला असतं त्याच वेगाला राहतं. डेस्कटॉप दिसतो, गेम चालत नाही.

२०१८ नंतरच्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांमध्ये वेगळी व्यवस्था आहे. तिथे सही केलेलं पूर्ण फर्मवेअर कंपनी सगळ्यांना देते, त्यामुळे नूवोवर उभा राहिलेला 'एनव्हीके' हा नवा खुला व्हल्कन ड्रायव्हर त्या कार्डांवर चांगला चालतो. उलट मॅक्सवेलच्याही आधीच्या केप्लर कार्डांना सहीची अट नव्हती, त्यांचा वेग हाताने वाढवता येतो. अडकली ती मधली पिढी. ज्या कार्डांना कंपनी सोडून चालली आहे, जवळजवळ त्याच कार्डांच्या दाराला कुलूप आहे आणि किल्ली कंपनीच्या खिशात आहे. गिऱ्हाइकाने पूर्ण किंमत मोजली, वर अठरा टक्के जीएसटी भरला. मालकी त्याची झाली म्हणायची का?

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. विंडोजवरही या कार्डांचे गेमसाठीचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबलेच की. पण तिथे जुना ड्रायव्हर पुढे अनेक वर्षं चालत राहतो, कारण ड्रायव्हरशी बोलायची विंडोजची पद्धत सहसा बदलत नाही. लिनक्सचा कर्नल मात्र आतली रचना हवी तेव्हा बदलतो आणि बाहेरचा ड्रायव्हर मोडतो. मग हा दोष लिनक्सचाच नाही का?

दोष म्हणण्याआधी त्यामागचा व्यवहार समजून घ्यावा. कर्नलच्या लोकांचा नियम असा की जो आतली रचना बदलेल, त्यानेच कर्नलमध्ये असलेले सगळे ड्रायव्हर त्या बदलाप्रमाणे दुरुस्त करायचे. म्हणजे ड्रायव्हर एकदा आत आला की त्याची देखभाल सगळ्यांची होते, मूळ कंपनी उरली काय नि गेली काय. बाहेर राहणाऱ्याला ही सोय मिळत नाही. नव्या माणसाला हे कठोर वाटतं आणि त्याचा त्रासही त्यालाच होतो, हे खरं आहे. तरी मी या नियमाच्या बाजूचा आहे. २०१२ ची रेडिऑन आज चालते ती याच नियमामुळे. आणि विंडोजचं स्थैर्य किती टिकाऊ असतं तेही आपण नुकतंच पाहिलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. ड्रायव्हर जुना चालेल, पण ज्या सिस्टिमवर तो चालायचा तीच काढून घेतली तर त्या स्थैर्याचा उपयोग काय? गावोगावच्या कॉम्प्युटर क्लासमधली, शाळांमधली चांगली चालणारी यंत्रं अशीच एका तारखेला जुनी ठरली.

एएमडी जन्मापासून उदार होती असं मात्र कुणी समजू नये. २००६ मध्ये तिने एटीआय विकत घेतली तेव्हा लिनक्सवर एटीआयचं कार्ड असणं ही शिक्षाच होती. 'एफजीएलआरएक्स' नावाचा बंद ड्रायव्हर नव्या कर्नलवर आठवडेच्या आठवडे बसायचा नाही, बसला तर व्हिडिओ फाटायचा. त्या काळात जाणकार लोक एनव्हिडियाच घ्या म्हणून सांगायचे. २००७ मध्ये एएमडीने धोरण बदललं आणि कार्डांची तांत्रिक कागदपत्रं जाहीर करायला सुरुवात केली. त्याची फळं लगेच दिसली नाहीत. २०१५ मध्ये एएमडीजीपीयू ड्रायव्हर ४.२ कर्नलमध्ये आला. २०१६ मध्ये डेव्ह एअरली आणि बास न्यूवेनहाउझेन या दोघांनी, एएमडीचे नोकर नसताना, 'आरएडीव्ही' हा व्हल्कन ड्रायव्हर लिहायला घेतला, कारण एएमडीने कबूल केलेला खुला ड्रायव्हर यायला वेळ लागत होता. पुढे व्हॉल्व्हने त्याच्यासाठी 'एको' हा शेडर कंपायलर, म्हणजे गेमच्या चित्रकामाच्या सूचना कार्डाच्या भाषेत उतरवणारा भाग, बनवला आणि गेममध्ये अडखळणं पुष्कळ कमी झालं. शेवटी २०२५ मध्ये एएमडीने स्वतःचा खुला व्हल्कन ड्रायव्हर बंद केला आणि बाहेरच्यांनी लिहिलेल्या आरएडीव्हीलाच आपला मानलं. कंपनीच्या स्वतःच्या कामापेक्षा बाहेरच्यांचं काम सरस ठरलं आणि कंपनीने ते मान्य केलं. कोड उघडला तर व्यापाराची गुपितं फुटतील या भीतीला इतकं सरळ उत्तर दुसरं नाही. एएमडी बुडाली नाही. इंटेल तर तिच्याही आधीपासून ग्राफिक्सचे ड्रायव्हर खुले ठेवत आली आहे.

गेमचा प्रश्न सुटला तो याच पायावर. व्हॉल्व्ह ही 'स्टीम' हे गेमचं दुकान चालवणारी कंपनी. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं ॲप स्टोअर आलं, आणि विंडोज ८ हे पीसीच्या धंद्यावरचं संकट आहे असं व्हॉल्व्हचे गेब न्यूएल उघड बोलले. फेब्रुवारी २०१३ मध्ये लिनक्सवर स्टीम आलं. २०१५ मध्ये 'स्टीम मशीन' ही लिनक्सवर चालणारी गेमची यंत्रं आली आणि पडली, कारण लिनक्ससाठी वेगळे गेम बनवायला मोठे स्टुडिओ तयार नव्हते. मग व्हॉल्व्हने स्टुडिओंची मनधरणी सोडून दिली. ऑगस्ट २०१८ मध्ये 'प्रोटॉन' आलं. १९९३ पासून चालत आलेला 'वाइन' हा प्रकल्प त्याच्या पोटात आहे. विंडोजचा गेम विंडोजला जे जे मागतो, ते वाइन लिनक्सकडून मिळवून देतं. आणि गेम डायरेक्टएक्स या विंडोजच्या ग्राफिक्स पद्धतीत जे चित्र मागतो, त्याचं 'डीएक्सव्हीके' हा थर व्हल्कनमध्ये भाषांतर करतो. यात एक कळीची गोष्ट आहे. भाषांतर कितीही चांगलं असलं तरी शेवटी व्हल्कनचा हुकूम ड्रायव्हरकडेच जातो. तो ड्रायव्हर उघडा असला की गेम अडला त्या दिवशी, भाषांतर करणारा माणूस आणि ड्रायव्हर लिहिणारा माणूस एकाच ठिकाणी बसून दोष शोधू शकतात. २०२२ च्या स्टीम डेकमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हच्या हातात धरून खेळायच्या यंत्रामध्ये, एएमडीची चिप असणं यात म्हणूनच मला नवल वाटलं नाही.

याचा परिणाम सामान्य माणसाच्या अनुभवात दिसतो. एएमडी किंवा इंटेलचं ग्राफिक्स असलेल्या पीसीवर आज उबुंटू, मिंट किंवा फेडोरा यांपैकी कुठलंही लिनक्स टाकलं तर ड्रायव्हर म्हणून वेगळं काही इन्स्टॉल करायचं नसतं. कर्नलमध्ये एक अर्धा भाग असतो, 'मेसा' या खुल्या ग्राफिक्स लायब्ररीमध्ये दुसरा, दोन्ही आधीच आलेले असतात. स्टीम टाकायचं, गेम उतरवायचा. फक्त गेम विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर ठेवू नयेत, कारण प्रोटॉनला लागणाऱ्या काही फायली तिथे नीट बनत नाहीत आणि लोक उगाच ड्रायव्हरला दोष देत बसतात.

आता एनव्हिडियाचा लॅपटॉप घेऊन बसलेल्या मुलाचं काय होतं ते पाहू. त्याच्या लॅपटॉपमध्ये दोन चिपा आहेत: प्रोसेसरमधली छोटी आणि एनव्हिडियाची मोठी. स्क्रीन बहुधा छोटीला जोडलेली असते. कित्येक मॉडेलमध्ये एचडीएमआयचं पोर्ट मोठीला जोडलेलं असतं, म्हणजे ड्रायव्हर नीट बसला नाही तर गेम राहू द्या, कॉलेजमधला प्रोजेक्टरही लागत नाही. ड्रायव्हर टाकायला गेलं की सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला कोड अडवणारी सोय, आडवं येतं. बाहेरून आलेल्या मॉड्युलवर, म्हणजे ड्रायव्हरच्या कर्नलमध्ये चढणाऱ्या भागावर, सही हवी, त्यासाठी स्वतःची किल्ली बनवायची, पासवर्ड द्यायचा, रिस्टार्टनंतर एक निळी स्क्रीन येते तिथे ती किल्ली नोंदवायची. ही निळी स्क्रीन कशाची आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. घाबरून 'पुढे चला' दाबलं की नोंदणी राहते, मॉड्युल चढत नाही. ते जमलं तर पुढच्या महिन्यात कर्नलचं अपडेट येतं, मॉड्युल पुन्हा बांधावं लागतं, ते आपोआप बांधणारी व्यवस्था कधी अर्ध्यात थांबते आणि परीक्षेच्या आदल्या रात्री काळी स्क्रीन समोर येते. स्टीमला आणि जुन्या गेमना ३२ बिटच्या लायब्ररी लागतात, त्या राहून गेल्या तर गेम काही न सांगता बंद होतो. फ्लॅटपॅक या स्वतंत्र डब्यात ॲप देणाऱ्या व्यवस्थेमधून स्टीम घेतलं असेल तर आतली आणि बाहेरची ड्रायव्हरची आवृत्ती तंतोतंत जुळावी लागते. काही गेम, विशेषतः ओपनजीएल ही जुनी ग्राफिक्स पद्धत वापरणारे, मुकाट्याने छोट्या चिपवर चालतात, आणि लाखभराचा लॅपटॉप घेतलेला मुलगा 'लिनक्स स्लो आहे' असं म्हणून परत फिरतो.

यातला प्रत्येक टप्पा मला मित्रांच्या, विद्यार्थ्यांच्या यंत्रांवर भेटलेला आहे. उपाय प्रत्येकाला आहे. उबुंटूत 'ॲडिशनल ड्रायव्हर्स'मधूनच ड्रायव्हर घ्यावा, कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवून चालवू नये. जुना कर्नल मेनूत ठेवावा, म्हणजे काळी स्क्रीन आली तर मागे जाता येतं. जमेल तिथे एनव्हिडियाचा ड्रायव्हर आतच घेऊन येणारं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, निवडावं. पण एवढं सगळं शिकून घेणं हा गिऱ्हाइकाचा धर्म आहे, हे मला मान्य नाही. आपल्या लिनक्सवाल्यांमध्ये एक वाईट सवय आहे. कुणी मदत मागितली की 'एनव्हिडिया घेतलंच कशाला?' असं विचारायचं. कॉलेजला कुडा, म्हणजे कार्डावर आकडेमोड करायची एनव्हिडियाची प्रणाली, लागतं म्हणून घेतलं, दुकानात गेमिंग लॅपटॉपच्या फळीवर जवळजवळ सगळीकडे तेच होतं म्हणून घेतलं, बापाने कर्ज काढून दिलं ते घेतलं. ज्याच्याकडे निवड नव्हती त्याला निवडीबद्दल बोल लावणं अन्यायाचं आहे. बोल लावायचा तर जिथे निर्णय झाला तिथे लावावा.

एनव्हिडिया बदलते आहे, हेही नोंदवलं पाहिजे. मे २०२२ मध्ये तिने कर्नलमधला भाग खुल्या परवान्याखाली दिला. २०२४ मध्ये ट्युरिंगनंतरच्या कार्डांसाठी तोच नेहमीचा झाला, आणि आरटीएक्स ५० मालिका तर त्याच्याशिवाय चालतच नाही. वेलँड या लिनक्स डेस्कटॉपच्या नव्या रचनेवर चित्र लुकलुकायचं, तेही २०२४ च्या ५५५ मालिकेपासून बरंचसं थांबलं. ही सुधारणा खरी आहे. पण चित्र काढणारा मुख्य भाग अजून बंद आहे, आणि कर्नलमधून जे उघडं केलं त्यातलं बरंचसं डोकं कार्डाच्या आतल्या बंद फर्मवेअरमध्ये गेलं आहे. शिवाय हा बदल डेस्कटॉपवरच्या गेमरच्या हाकेला ओ देऊन झाला असं मला वाटत नाही. एआयची डेटा सेंटरं लिनक्सवर चालतात. जगातले पहिले पाचशे महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. पुण्यात सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' एनव्हिडियाच्या ए१०० चिपांवर लिनक्सच चालवतो. म्हणजे लिनक्सवर आपलं हार्डवेअर उत्तम कसं चालवावं हे कंपनीला चांगलं कळतं. ज्या गिऱ्हाइकाच्या शब्दाला वजन आहे त्याच्यासाठी ती ते करते. मग वजन वाढवायचं कसं, हा आपला प्रश्न आहे.

त्याआधी अँटी-चीटबद्दल, म्हणजे गेममधली फसवणूक पकडणाऱ्या यंत्रणांबद्दल, बोललं पाहिजे, कारण लिनक्सवर गेम न चालण्याचं आजचं सर्वात मोठं कारण ड्रायव्हर राहिलेला नाही, हे आहे. व्हॅलोरंट चालत नाही. लीग ऑफ लेजंड्स २०२४ पर्यंत वाइनवर चालायचा, व्हॅनगार्ड ही अँटी-चीट यंत्रणा आल्यावर बंद झाला. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्ही यंत्रणांनी २०२१ मध्येच प्रोटॉनची सोय केली, पण ती चालू करायची की नाही ते गेमच्या कंपनीवर सोडलं. सप्टेंबर २०२४ मध्ये जीटीए ऑनलाइनमध्ये बॅटलआय आलं आणि ती सोय चालू केली गेली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी एपेक्स लेजंड्सने, आधी दिलेली परवानगी काढून घेत, लिनक्सवाल्यांना बाहेर काढलं.

कंपन्यांची बाजू पोकळ नाही. लिनक्सवर कुणीही स्वतःचा कर्नल बांधू शकतो, म्हणून आतून फसवणूक लपवणं सोपं जातं, आणि ज्याने रोज सराव करून रँक मिळवली त्याच्यावर चीटर अन्याय करतो. फक्त सर्व्हरवर बसून सगळी फसवणूक पकडता येत नाही, हेही खरं. पण कर्नलमध्ये शिरण्याची किंमत कोण मोजतो? २०२२ मध्ये गेन्शिन इम्पॅक्टच्या अँटी-चीट ड्रायव्हरचाच वापर करून रॅन्समवेअर टोळीने अँटीव्हायरस बंद पाडल्याचं उघड झालं. ज्यांनी तो गेम कधी खेळला नाही त्यांच्या यंत्रांवरही तो ड्रायव्हर नेऊन टाकता येत होता, कारण त्यावर वैध सही होती. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पाडली, विमानतळांवर रांगा लागल्या. तो गेमचा विषय नव्हता, पण कर्नलमध्ये बसलेल्या खाजगी कोडची एक चूक किती महाग पडते हे त्यावरून दिसलं. माझं मत असं: बक्षिसांच्या स्पर्धेसाठी कंपनीने हव्या त्या कडक अटी घालाव्यात. संध्याकाळी चार मित्रांनी खेळायच्या गेमसाठी आख्ख्या यंत्राचा ताबा मागणं प्रमाणाबाहेरचं आहे. आणि काल चालणारा, पैसे घेऊन विकलेला गेम आज एका अपडेटने बंद करायचा असेल, तर त्या गिऱ्हाइकाचे पैसे परत केले पाहिजेत. ग्राहक संरक्षणाचा एवढा साधा नियम गेमला लागू का नसावा?

कधी कधी उघडेपणालाच शिक्षा होते. एचडीएमआय २.१ साठी एएमडीने आपल्या खुल्या ड्रायव्हरमध्ये कोड तयार केला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये बाहेर आलं की हे मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने तो प्रसिद्ध करायला नकार दिला, कारण त्यातून मानकाचा तपशील उघड होतो. त्यामुळे नव्या टीव्हीला एएमडीचं कार्ड जोडून लिनक्सवर फोर-के १२० हर्ट्झची पूर्ण गुणवत्ता मिळत नव्हती, कार्डात आणि टीव्हीत दोन्हीकडे ताकद असूनही. डिस्प्लेपोर्टवर ही अडचण नाही. पण आपल्याकडच्या टीव्हीला डिस्प्लेपोर्ट असतं कुठे?

'लिनक्स वापरणारे आहेत किती?' हा प्रश्न नेहमी विचारला जातो. स्टीमच्या मासिक पाहणीत लिनक्सचा वाटा ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या पुढे गेला. आकडा लहान आहे. पण ड्रायव्हर फक्त गेमरला लागत नाही. ब्लेंडरमध्ये ॲनिमेशन करणारी मुलगी, केडेनलाइव्हमध्ये लग्नाचा व्हिडिओ कापणारा स्टुडिओवाला, मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट करणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी या सगळ्यांचा तोच ड्रायव्हर. गेम ही त्याची सर्वात कठीण परीक्षा, एवढंच. गेम नीट चालला की बाकीचं बहुतेक चालतं.

आणि या सगळ्यांच्या वतीने मोठी खरेदी करणारा एक गिऱ्हाईक आपल्याकडे आहे. तो म्हणजे सरकार. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग, कॉमिक्स आणि एक्सआर (आभासी-मिश्र वास्तव) यांच्यासाठीचं धोरण मंजूर केलं. त्याचा आराखडा ३,२६८ कोटी रुपयांचा आहे. या क्षेत्राचं शिक्षण द्यायचं तर प्रयोगशाळा लागतात, आणि त्या प्रयोगशाळांमधली सर्वात महाग वस्तू ग्राफिक्स कार्ड असते. केंद्र सरकारने २०१५ मध्येच सरकारी कामात ओपन सोर्स सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण आणलं. केरळच्या सरकारी शाळा कितीतरी वर्षांपासून लिनक्सवर चालतात. म्हणजे सॉफ्टवेअरचा विचार झालेला आहे. हार्डवेअर घेताना मात्र निविदेत मेमरी किती, वॉरंटी किती एवढंच विचारलं जातं. ड्रायव्हर किती वर्षं मिळणार आणि त्यानंतर काय, हे कुणी विचारत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिने शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं घेतली. ट्रॅक्टरचा सुटा भाग मिळालाच पाहिजे हे आपल्याला पटतं. कार्डासाठी ड्रायव्हर हा सुटा भागच आहे, आणि फर्मवेअरची सही हा त्याहून आधी लागणारा. त्या यादीत त्यांना जागा मिळाली पाहिजे.

निविदेतली अट अवघड नाही. कार्डाचा कर्नलमधला ड्रायव्हर मुख्य लिनक्स कर्नलमध्ये असावा, किंवा निदान खुल्या परवान्याखाली असावा. ज्या दिवशी कंपनी त्या कार्डाचा आधार थांबवेल, त्या दिवशी पूर्ण वेगाने चालण्यापुरतं सही केलेलं फर्मवेअर आणि लागणारी कागदपत्रं तिने जाहीर करावीत, आणि तसं खरेदीच्या करारात लिहून द्यावं. ॲनिमेशनच्या प्रयोगशाळेत कुडा आणि एनव्हिडियाचंच ऑप्टिक्स लागतं, म्हणून एनव्हिडियाच घ्यावं लागेल, असं विभागप्रमुख सांगतील आणि आज ते बरोबरच असेल. तिथे दुसरी अट तर लावता येतेच. साध्या संगणक कक्षात, ग्रंथालयात, शाळेत मात्र एएमडी आणि इंटेलचं ग्राफिक्स पुरतं, आणि ते पहिल्या अटीत आजच बसतं. त्यामुळे 'अशा निविदेला कुणी येणारच नाही' ही भीती निराधार आहे. दोन पुरवठादार पहिल्या दिवसापासून पात्र आहेत, आणि तिसऱ्याची नवी कार्डं अर्ध्या रस्त्यावर आलेली आहेत.

जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरच्या खरेदीची कागदपत्रं कॉलेजातले दोन-तीन प्राध्यापक आणि एक लेखापाल मिळून तयार करतात. तपशिलाचा तक्ता बहुतेक वेळा मागच्या वर्षीचाच उचललेला असतो. त्या तक्त्यात मेमरीच्या खाली एक ओळ वाढवायची आहे, आणि ती वाढवायला मंत्रालयातून आदेश यायची वाट पाहावी लागत नाही.